बायरॅड्स शून्य आलंय. आता थ्रीडी, एमआरआय की शिबिर?

वाचक विचारतात: मी ४४ वर्षांची, इचलकरंजीत राहते. त्रास काही नव्हता, पण ऑफिसच्या तपासणीत मॅमोग्राम झाला. रिपोर्टमध्ये लिहिलंय: 'एसीआर डेन्सिटी सी. डाव्या स्तनात वरच्या-बाहेरच्या भागात एसिमेट्री, फक्त एमएलओ व्ह्यूमध्ये दिसते. बायरॅड्स ०. टोमोसिंथेसिस आणि सोनोग्राफी करावी.' माझ्या सख्ख्या मावशीला ६२ व्या वर्षी स्तनाचा कॅन्सर झाला होता. नणंद म्हणते, पुण्याला ये आणि थ्रीडी कर. मिस्टरांचे मित्र म्हणतात, सरळ एमआरआय करून टाका, एकदाच काय तो सोक्षमोक्ष. आमच्या कॉलनीत येत्या रविवारी थर्मल कॅमेऱ्याने 'एआय तपासणी'चं शिबिर आहे, त्यात दुखत नाही आणि रेडिएशनही नाही. मला पुन्हा एक्स-रेची भीती वाटते, पहिल्या वेळी खूप दुखलं होतं. शून्य म्हणजे काहीच नाही असं धरून सोडून दिलं तर चालेल का? घरात ७१ वर्षांच्या सासूबाई आहेत, त्यांचीही तपासणी करावी का?

उत्तर: ताई, आधी त्या शून्याचं बघू, कारण तिथेच सगळ्यात जास्त गफलत होते. बायरॅड्स म्हणजे स्तनाच्या तपासणीचा निकाल ठरावीक आकड्यांत लिहिण्याची पद्धत. त्यातलं शून्य म्हणजे 'काही नाही' नव्हे. 'काही नाही'ला १ आकडा आहे, आणि 'आहे पण निरुपद्रवी' याला २. शून्याचा अर्थ एवढाच की हातात असलेल्या चार चित्रांवरून डॉक्टरांना निकाल देता आला नाही, अजून चित्रं हवीत. पेपर तपासायचा राहिला आहे, नापास झालेला नाही. त्यामुळे सोडून देणं चालणार नाही, आणि रात्रभर जागत बसण्याचंही कारण नाही.

याला आधार आकड्यांचा आहे. अमेरिकेतल्या १३ केंद्रांवरच्या साडेचार लाखांवर तपासण्यांचा एक मोठा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात साध्या डिजिटल मॅमोग्राफीनंतर दर हजारात १०७ जणींना जादा तपासणीसाठी परत बोलावलं गेलं होतं आणि हजारात कॅन्सर सापडला तो चारेक जणींत. म्हणजे परत बोलावलेल्या शंभरातल्या पंचाण्णवच्या वर बायका 'काही नाही' ऐकूनच घरी गेल्या.

एसिमेट्री म्हणजे एका स्तनात दिसलेला, दुसऱ्यात तसा नसलेला पांढुरका भाग. तुमच्या रिपोर्टमधले 'फक्त एमएलओ व्ह्यूमध्ये' हे शब्द महत्त्वाचे आहेत. मॅमोग्राममध्ये प्रत्येक स्तनाची दोन चित्रं घेतात. एक वरून खाली, त्याला सीसी म्हणतात. दुसरं तिरकं, काखेकडचा भागही घेणारं, ते एमएलओ. खरीखुरी गाठ असेल तर ती सहसा दोन्हींकडून दिसते. एकाच चित्रात काही पांढुरकं दिसलं आणि दुसऱ्यात नाही, तर बहुतेक वेळा दुधाच्या ग्रंथींचे दोन थर दाबले जाताना एकमेकांवर आलेले असतात. पण 'बहुतेक वेळा' म्हणजे 'नेहमी' नाही. काही कॅन्सर खरोखरच एका बाजूने दिसतात आणि दुसरीकडून ग्रंथींआड लपतात. ते कोणते, हे ओळखण्यासाठी पुढची तपासणी.

आता 'डेन्सिटी सी'. स्तनात चरबी किती आणि ग्रंथी-तंतू किती, यावरून ए, बी, सी, डी अशा चार पायऱ्या केल्या आहेत. ए म्हणजे जवळपास सगळी चरबी, डी म्हणजे अतिदाट. चरबी एक्स-रेवर काळी दिसते, ग्रंथी पांढऱ्या आणि कॅन्सरची गाठही पांढरीच. पावसाळ्यात आंबोली घाटात धुकं उतरलं की समोरून येणारी पांढरी गाडी जशी दिसत नाही, तशी दाट स्तनात गाठ झाकली जाते. हात लावून स्तन कडक लागतो की मऊ, याचा या दाटपणाशी फारसा संबंध नाही. तो फक्त चित्रावरूनच कळतो. चाळिशीतल्या, पाळी चालू असलेल्या बाईला सी येणं अगदी नेहमीचं आहे. तो आजार नाही. कॅन्सरची शक्यता तो थोडी वाढवतो, पण मोठी अडचण लपवाछपवीची आहे. अमेरिकेत तर सप्टेंबर २०२४ पासून ही दाटी प्रत्येक बाईला रिपोर्टसोबत लेखी कळवणं सगळ्या केंद्रांना सक्तीचं झालं आहे. तुमच्या रिपोर्टवर ती नोंद आहे, ही चांगली गोष्ट.

म्हणजे तुमच्यापुढचा खरा प्रश्न 'सगळ्यात नवं मशीन कोणतं' हा नाही. एका ठरावीक जागी दिसलेला पांढरा पट्टा खरा की आभास, एवढंच ठरवायचं आहे. त्यासाठी नणंदेचा सल्ला बरोबर आहे. मित्रांचा सध्या घाईचा आहे. शिबिराचा या प्रश्नाशी संबंधच नाही.

थ्रीडी मॅमोग्राफी, म्हणजे टोमोसिंथेसिस, नेमकी याच कोड्यासाठी निघाली. औषधं आणि वैद्यकीय उपकरणं तपासणाऱ्या अमेरिकेच्या एफडीए या सरकारी संस्थेने तिला २०११ साली मान्यता दिली. स्तन पूर्वीसारखाच दोन पट्ट्यांमध्ये दाबतात, पण एक्स-रेची नळी एका जागी न थांबता कमानीसारखी फिरते आणि थोड्या थोड्या कोनातून कमी मात्रेची अनेक चित्रं घेते. कमान किती मोठी, हे कंपनीप्रमाणे बदलतं. काही मशीनमध्ये ती १५ अंशांची असते, काहींत ५० अंशांची. पुरं व्हायला काही सेकंद ते अर्धा मिनिट लागतं. संगणक त्यातून एकेक मिलिमीटर जाडीचे थर वेगळे करतो. खिडकीचे गज आणि मागच्या झाडाची फांदी एकमेकांत मिसळलेली दिसत असेल तर आपण डोकं जरा इकडेतिकडे हलवतो आणि पुढचं काय, मागचं काय ते कळतं. तेच तत्त्व. तुमची एसिमेट्री दोन थरांच्या गल्लतीतून आली असेल तर थर वेगळे झाल्यावर ती विरून जाते. खरी गाठ असेल तर ती ठरावीक चार-सहा थरांत ठाम दिसते, तिच्या कडा दिसतात, आणि ती किती खोलवर आहे हेही समजतं.

वर सांगितलेल्याच अभ्यासात टोमोसिंथेसिस जोडल्यावर परत बोलावण्याचं प्रमाण हजारी १०७ वरून ९१ वर आलं आणि सापडणारे कॅन्सर हजारी ४.२ वरून ५.४ वर गेले. एकाच वेळी दोन्हीकडे फायदा देणाऱ्या तपासण्या फार नसतात. पण हिच्याही मर्यादा आहेत. फायदा बी आणि सी दाटीत चांगला दिसतो. डी दाटीत, जिथे वेगळं करायला मध्ये चरबीच नसते, तिथे तो फारसा दिसत नाही. कॅल्शियमचे बारीक कण कधीकधी सुरुवातीच्या कॅन्सरची खूण असतात, पण ते वेगवेगळ्या थरांत विखुरले गेले की त्यांचा पुंजका नजरेतून निसटू शकतो. म्हणून नुसते थर पाहून भागत नाही, सोबत एक सपाट चित्रही लागतं. ते वेगळ्या एक्स-रेने घेतात किंवा संगणक त्याच थरांतून बनवून देतो. संगणकाने बनवलेलं असेल तर रेडिएशन साध्या मॅमोग्रामच्या आसपास राहतं. दोन्ही वेगळे घेतले तर साधारण दुप्पट होतं. केंद्राला हे विचारता येतं.

रेडिएशनची भीती तुम्ही लिहिलीत म्हणून आकडा देतो. दोन्ही स्तनांच्या साध्या मॅमोग्रामची मात्रा सुमारे ०.४ मिलिसीव्हर्ट. जमिनीतून, हवेतून, अवकाशातून जे नैसर्गिक रेडिएशन आपल्याला रोज मिळतं, त्याच्या साधारण सात आठवड्यांइतकं. तुमच्या पुढच्या तपासणीत बहुधा फक्त डाव्या बाजूची एक-दोन चित्रं लागतील. गळ्याभोवती थायरॉइडसाठी शिशाची पट्टी मागू नका. तिथे पोहोचणारं रेडिएशन नगण्य असतं आणि ती पट्टी चित्रात मध्ये आली तर सगळं पुन्हा काढावं लागतं.

दुखण्याबद्दल. दाबणं टाळता येत नाही, कारण स्तन जितका पातळ पसरतो तितके थर सुटे होतात, मात्रा कमी लागते आणि हललेलं चित्र येत नाही. पण वेळ निवडता येते. पाळीआधीच्या आठवड्यात स्तन हुळहुळे असतात. पाळी संपल्यानंतरच्या आठवड्याची वेळ घ्या. खांदे सैल सोडा, श्वास रोखून अंग ताठ केलं की छातीचा स्नायू ताणला जातो आणि जास्त दुखतं. फार झालं तर तसं सांगा, तंत्रज्ञ दाब थोडा कमी करू शकते. महिला तंत्रज्ञ आहे का हे वेळ घेतानाच फोनवर विचारा. त्या दिवशी काखेत डिओ, टाल्कम पावडर किंवा झिंकचं मलम लावू नका. त्यातले कण चित्रात हुबेहूब कॅल्शियमच्या ठिपक्यांसारखे दिसतात आणि नसलेल्या आजाराचा पाठलाग सुरू होतो. वन-पीस गाऊनपेक्षा साडी-ब्लाउज किंवा कुर्ता-सलवार बरी, म्हणजे फक्त वरचं काढून भागतं. मंगळसूत्र आणि साखळी घरी ठेवून गेलात तर उत्तम. लांब केस वर बांधा, बट पुढे आली तरी ती चित्रात उमटते.

मशीन निवडताना 'थ्रीडी'च्या पाटीपेक्षा एक साधा प्रश्न जास्त उपयोगी आहे: मशीन डीआर आहे की सीआर? सीआर मशीनमध्ये प्रत्येक चित्रानंतर तंत्रज्ञ एक कॅसेट काढून दुसऱ्या यंत्रात घालते. डीआरमध्ये काही सेकंदांत चित्र पडद्यावर येतं. दोन्हींना 'डिजिटल' म्हणतात, पण दोन्ही सारखे नाहीत. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताने आपल्या तपासणी कार्यक्रमातली आकडेवारी २०१३ साली प्रसिद्ध केली. डीआरवर हजारी ४.९ कॅन्सर सापडले होते, जुन्या फिल्मवर ४.८, आणि सीआरवर फक्त ३.४. त्यानंतर तिथली सीआर मशीन बदलण्यात आली. तुमचा पहिला मॅमोग्राम ऑफिसच्या शिबिरात झाला असेल तर तो सीआरवर झाला होता का, हे विचारून घ्या. तसं असेल तर पुढची चित्रं डीआर मशीनवरच काढा. टोमोसिंथेसिस होणारं मशीन डीआरच असतं, त्यामुळे तो प्रश्न आपोआप सुटतो.

एक गोष्ट तुम्ही स्वतःही पाहू शकता. एमएलओ चित्र प्रकाशासमोर धरलं की वरच्या कोपऱ्यात छातीच्या स्नायूचा पांढरा त्रिकोण दिसतो. तो निमुळता होत साधारण स्तनाग्राच्या उंचीपर्यंत खाली यायला हवा. त्रिकोण अगदी छोटा असेल तर काखेजवळचा भाग चित्राबाहेर राहिला आहे. तुमची शंका वरच्या-बाहेरच्या भागातच असल्याने हे बघण्यासारखं आहे. अर्थात निकाल डॉक्टरच देतील, पण 'स्नायू पुरेसा आलाय का?' असं विचारलंत तर कोणी रागावणार नाही.

सोनोग्राफी टोमोसिंथेसिसच्या जागी करायची नसते, तिच्या जोडीला करायची असते. गाठ पाण्याची की भरीव, हे ती क्षणात सांगते. दाटीचा तिला अडथळा होत नाही. जपानमध्ये ४० ते ४९ वयाच्या सुमारे ७३ हजार बायकांवर झालेल्या चाचणीत मॅमोग्रामसोबत सोनोग्राफी केली तेव्हा ९१ टक्के कॅन्सर पकडले गेले, नुसत्या मॅमोग्रामने ७७ टक्के. तुमचं वय त्याच गटातलं आहे. याची किंमत म्हणजे नसलेल्या आजाराचे इशारेही थोडे वाढले.

आपल्याकडे सोनोग्राफीत चूक होते ती वेगळीच. मॅमोग्राम एका ठिकाणी, सोनोग्राफी दुसऱ्या ठिकाणी, आणि सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांसमोर मॅमोग्रामची चित्रं नाहीत. मग रिपोर्ट येतो 'दोन्ही स्तन नॉर्मल', आणि बाई समजते की शून्याचा निकाल लागला. तो लागलेला नसतो. शंकेची जागा कुठे आहे हे माहीतच नसताना ती जागा नीट पाहिली गेली, असं कसं म्हणणार? म्हणून शक्यतो दोन्ही तपासण्या एकाच छताखाली, एकाच दिवशी, आधी टोमोसिंथेसिस आणि मग सोनोग्राफी अशा क्रमाने करा. ते जमत नसेल तर पहिल्या मॅमोग्रामची सीडी आणि रिपोर्ट सोबत न्या. छापलेली फिल्म पुरत नाही, कारण पडद्यावर मोठं करून, उजळ-गडद करून पाहता येतं ते सीडीवरूनच. याआधी कधी मॅमोग्राम झाला असेल तर त्याचीही सीडी शोधा. पाच वर्षांपूर्वीही तोच पट्टा तसाच होता, एवढं कळलं तरी पुष्कळदा प्रश्न तिथेच मिटतो.

सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये काय असायला हवं तेही सांगतो. स्तनाला घड्याळाची तबकडी मानून जागा लिहितात. तुमची जागा डावीकडे साधारण १ ते २ वाजताच्या आसपास येईल. सोबत स्तनाग्रापासूनचं अंतर सेंटिमीटरमध्ये, काही दिसलं तर मिलिमीटरमध्ये माप, आणि काखेतल्या गाठींची नोंद. मॅमोग्राममध्ये दिसलेल्या जागेशी हे जुळतं की नाही, हे एक वाक्य त्यात असलं पाहिजे. आणि शेवटी नवा बायरॅड्स आकडा, शून्य सोडून दुसरा कुठलाही.

तो आकडा १ किंवा २ आला तर विषय संपला, पुढची तपासणी ठरल्या वेळी. ३ आला तर कॅन्सरची शक्यता २ टक्के किंवा त्याहून कमी. अशा वेळी सुई न घालता सहा महिन्यांनी पुन्हा बघतात. हे सहा महिने म्हणजे सहाच महिने. गणपती झाले, दिवाळी झाली, मग बघू असं नाही. ४ मध्ये २ टक्क्यांपासून ९५ टक्क्यांपर्यंत सगळं येतं, म्हणून ४ए, ४बी, ४सी अशी फोड विचारून घ्या. ४ए म्हणजे १० टक्क्यांच्या आत. ५ म्हणजे ९५ टक्क्यांच्या वर. ४ किंवा ५ आला तर सुईची बायोप्सी लागते.

बायोप्सीवर जरा थांबायला हवं, कारण चांगल्या मशीनवर खर्च केलेला पैसा इथे वाया जाताना दिसतो. बारीक सुईने पाणी ओढल्यासारखी पेशी काढण्याची एफएनएसी स्वस्त आणि झटपट असते, पण तिच्यात सुट्या पेशी मिळतात, तुकडा नाही. कॅन्सर दुधाच्या नळीच्या आतच आहे की बाहेर पसरला आहे हे त्यावरून सांगता येत नाही, आणि कोणते उपचार लागू पडतील हे ठरवणारे ईआर, पीआर, हर-टू हे पुढचे तपासही त्यावर भरवशाने होत नाहीत. हवी असते ती कोअर बायोप्सी, ज्याला आपल्याकडे ट्रू-कट म्हणतात. जागा बधिर करून, सोनोग्राफीत बघत, बहुधा १४ नंबरच्या सुईने काही तुकडे घेतात. टाके लागत नाहीत, त्याच दिवशी घरी येता. शंका नुसत्या कॅल्शियमच्या ठिपक्यांची असेल आणि ते सोनोग्राफीत दिसत नसतील तर मॅमोग्राम मशीनवरच, ओढून घेणाऱ्या जाड सुईने बायोप्सी करतात आणि काढलेल्या तुकड्यांचाच एक्स-रे घेऊन ठिपके आलेत का ते बघतात. तो एक्स-रे झाला का, हे विचारायला विसरू नका.

'गाठ आहे ना, काढूनच टाकू, मग तपासू' असं कोणी सुचवलं तर थांबा. सुईच्या निदानाआधी चाकू लावला आणि गाठ कॅन्सरची निघाली, तर गाठीच्या कडेला कॅन्सर शिल्लक राहू शकतो, दुसरं ऑपरेशन करावं लागू शकतं, आणि आधी औषधं देऊन गाठ लहान करण्याची संधीही हातची जाते. सुईने कॅन्सर पसरतो ही समजूत मात्र मनातून काढून टाका.

आता एमआरआय. मशीन जबरदस्त आहे, यात वाद नाही. त्यात पोटावर पालथं झोपायचं, स्तन खाली खोबणीत येतात, हाताच्या शिरेतून गॅडोलिनियमचं (चित्रात उजळ दिसणारं) औषध देतात आणि औषधाआधी व नंतर काही मिनिटं चित्रं घेत राहतात. कॅन्सरची गाठ रक्त जास्त ओढते, त्यामुळे ती भराभर उजळते. दाटीचा इथे फारसा अडसर नाही. नेदरलँड्समध्ये मॅमोग्राम नॉर्मल आलेल्या पण दाटी डी असलेल्या ५० ते ७५ वयाच्या ४० हजार बायकांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१९ साली आले. ज्यांनी एमआरआय केला त्यांच्यात हजारी १६.५ जादा कॅन्सर सापडले. पण त्याच हजारात जवळपास ८० जणी अशा होत्या, ज्यांना विनाकारण पुढच्या तपासण्यांतून जावं लागलं.

मित्रांच्या 'एकदाच काय तो सोक्षमोक्ष'ची अडचण इथेच आहे. एमआरआय एक शंका मिटवताना दोन नव्या उभ्या करू शकतो. त्याला कॅल्शियमचे ठिपके दिसत नाहीत, म्हणून तो मॅमोग्रामच्या जागी चालत नाही. आणि केवळ एमआरआयमध्ये दिसणारं काही सापडलं तर त्याची बायोप्सीही एमआरआयच्या आधारानेच करावी लागते. ती सोय मोजक्या ठिकाणी आहे. नसलेल्या ठिकाणी एमआरआय केला की रिपोर्ट हातात आणि पुढे रस्ता बंद. टोमोसिंथेसिस आणि सोनोग्राफीनंतरही डॉक्टरांना उत्तर मिळालं नाही, तर ते स्वतःच एमआरआय सुचवतील. तेव्हा पाळीच्या सातव्या ते चौदाव्या दिवसात करा, कारण इतर वेळी निरोगी ग्रंथीही औषध घेऊन उजळतात. आधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी, करून घ्या. अंगात पेसमेकर किंवा कुठलाही धातू असेल तर आठवणीने सांगा.

दरवर्षी एमआरआय कोणाला लागतो? बीआरसीए जनुकात (त्यात दोष असला की स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका खूप वाढतो) दोष असलेल्यांना, आयुष्यभराचा धोका २० टक्के किंवा जास्त निघतो त्यांना, आणि लहानपणी-तरुणपणी छातीवर रेडिएशनचे उपचार झालेल्यांना. ६२ व्या वर्षी झालेली एक मावशी तुम्हाला त्या गटात नेत नाही. तिने धोका थोडासा वाढतो, इतकंच. पण घरात एकदा शांतपणे विचारून घ्या, आईकडच्या आणि वडिलांकडच्याही बाजूला: कोणाला पन्नाशीच्या आत स्तनाचा कॅन्सर, कोणाला अंडाशयाचा, एखाद्या पुरुषाला स्तनाचा? यातलं काही निघालं तर जनुकीय समुपदेशन घ्यावं लागेल, आणि मग एमआरआयची गोष्ट बदलते.

मोठ्या शहरांत कॉन्ट्रास्ट मॅमोग्राफीही मिळू लागली आहे. सीटी स्कॅनला देतात तसं आयोडीनचं औषध शिरेतून द्यायचं, दोनेक मिनिटं थांबायचं आणि मग दोन वेगवेगळ्या ऊर्जेचे एक्स-रे घेऊन एकातून दुसरा वजा करायचा. उरतो तो फक्त औषध घेतलेला भाग. २०२५ साली ब्रिटनमधल्या चाचणीत, मॅमोग्राम नॉर्मल पण स्तन दाट असलेल्या बायकांत या पद्धतीने हजारी १९.२ कॅन्सर सापडले, कमी वेळात उरकणाऱ्या छोट्या एमआरआयने १७.४, आणि यंत्राने आपोआप होणाऱ्या सोनोग्राफीने ४.२. आकडे बोलके आहेत. एमआरआयच्या बंद नळीत घाबरणाऱ्यांसाठी हा उत्तम पर्याय ठरेल. आयोडीनची ॲलर्जी किंवा किडनीचा त्रास असेल तर नाही. तुम्हाला आज याची गरज नाही.

रविवारच्या शिबिराचं. थर्मल कॅमेरा त्वचेची उष्णता मोजतो. गाठीकडे रक्तपुरवठा वाढला की वरची त्वचा किंचित गरम होते, या कल्पनेवर तो आधारलेला आहे. लहान, खोलवरच्या गाठीची ऊब वरपर्यंत पोहोचेलच असं नाही. मॅमोग्रामच्या जागी थर्मोग्राफी वापरू नका, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने वारंवार दिला आहे. 'एआय' या शब्दाने मात्र बरीच दिशाभूल होते. स्वीडनमध्ये लाखभर बायकांवर जी गाजलेली चाचणी झाली, तिथे एआयने वाचले ते मॅमोग्राम. त्यात कॅन्सर जास्त सापडले आणि डॉक्टरांचं वाचण्याचं काम ४४ टक्क्यांनी कमी झालं. तिथे शेवटचा शब्द डॉक्टरांचाच होता. त्या यशाच्या जोरावर उष्णतेची चित्रं वाचणाऱ्या एआयला प्रमाणपत्र मिळत नाही. शिबिराला हौसेने जायचं तर जा, पण तिथे 'सगळं ठीक' असा शिक्का मिळाला म्हणून तुमचं शून्य पुसलं जाणार नाही. तुमच्या बाबतीत खरा धोका तोच आहे.

तर पुढच्या दोन-तीन आठवड्यांत, पाळी संपल्यावर, जुन्या सीड्या घेऊन टोमोसिंथेसिस आणि लगेच सोनोग्राफी. त्याच फेरीत सर्जन किंवा स्त्रीरोगतज्ज्ञांकडून दोन्ही स्तन आणि काखा हाताने तपासून घ्या. ही तपासणी जुनाट वाटते, पण तिला कमी लेखू नका. हाताला लागणारी गाठ असेल तर मॅमोग्राम नॉर्मल आला तरी तिचा छडा लावावाच लागतो. यादरम्यान कडक गाठ, आत ओढलेली त्वचा किंवा स्तनाग्र, किंवा रक्ताळ स्राव दिसला तर पाळीची वाट न बघता जा.

सासूबाईंचं मुद्दाम विचारलंत ते बरं केलं. वय वाढतं तसा स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढतो, आणि घरोघरी तपासणी मात्र सुनेची होते. अमेरिकेतली २०२४ ची शिफारस ४० ते ७४ वयापर्यंत दर दोन वर्षांनी मॅमोग्रामची आहे. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरिअलने दीड लाख बायकांवर वीस वर्षं चालवलेल्या चाचणीत प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासत होत्या. एवढ्यानेही पन्नाशीपुढच्या बायकांत या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्यांत तसा फायदा दिसला नाही. सासूबाईंची तब्येत एरवी ठीक असेल, काही निघालंच तर उपचार झेपतील अशी असेल, तर हाताने तपासणी आणि एक मॅमोग्राम जरूर करा. त्यांच्या वयात स्तनात चरबीच जास्त असते, त्यामुळे साधा डीआर मॅमोग्रामही स्वच्छ दिसतो. त्यांच्यासाठी थ्रीडी शोधत पुण्याला जायची गरज नाही. गुडघ्यांमुळे उभं राहवत नसेल तर स्टुलावर बसूनही होतो, फक्त वेळ घेताना तसं सांगून ठेवा.